छोट्या दवाखान्यात रुग्णांची माहिती कशी जपायची? नवा कायदा, व्हॉट्सॲप आणि जुने केसपेपर

केसपेपर

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातला दवाखाना आहे. एक फिजिशियन, एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सहा खाटांचं नोंदणीकृत नर्सिंग होम, सोनोग्राफी मशीन. ओपीडी रोजची ६०-७०. रिसेप्शनला एक ताई, एक कंपाउंडर, दोन सिस्टर, रात्री वॉर्डबॉय. दोन संगणक. सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे आणि काही अडलं की ते लांबूनच दुरुस्त करतात. लॅबचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतात आणि तसेच रुग्णांना पुढे जातात. मागच्या खोलीत १४-१५ वर्षांचे केसपेपर गठ्ठे बांधून ठेवले आहेत.

विचारायचं ते असं. डीपीडीपी (डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण) कायदा आम्हाला लागू होतो का आणि कधीपासून? प्रत्येक रुग्णाची सही घ्यायची का? व्हॉट्सॲप बंद करावं लागेल का? जुने कागद किती वर्षं ठेवायचे? आणि 'डीपीडीपी सर्टिफिकेट' देतो म्हणून एक जण २५ हजार मागतो आहे, ते घ्यावं का? अडीचशे कोटींच्या दंडाचं ऐकून सगळेच धास्तावलेत.

कलम_पोटकलम

सर्टिफिकेटचं आधी सांगतो: घेऊ नका. कायद्यात किंवा नियमांत दवाखान्यांसाठी असं कुठलंही प्रमाणपत्र नाही. ते पैसे हार्ड डिस्क, श्रेडर आणि विंडोजच्या लायसन्सवर खर्च करा.

आता कायदा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. सूचना, संमती, सुरक्षा, माहिती फुटल्यास कळवणं, रुग्णाचे हक्क ही मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. दवाखाना लहान आहे म्हणून सरसकट सूट नाही. माहिती संगणकावर, मोबाइलवर, सोनोग्राफी मशीनमध्ये असेल किंवा कागदावरून पुढे स्कॅन केली असेल तर कायदा लागू.

तोपर्यंत मोकळीक आहे असं मात्र समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ आणि २०११ चे नियम आज चालू आहेत. त्यांत आजाराची माहिती आणि वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' धरल्या आहेत, आणि व्यवसाय करणारी एकट्याची प्रॅक्टिससुद्धा त्यात बसते. त्याखेरीज २००२ चे वैद्यकीय आचारनियम आहेतच. रुग्णाचं गुपित फोडायचं नाही. अपवाद तीन: न्यायालयाचा आदेश, एखाद्या ठराविक माणसाला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार. हे नियम कागदालाही लागू आहेत, त्यामुळे 'आमचं सगळं वहीतच आहे' म्हणणाऱ्यालाही सुटका नाही.

अडीचशे कोटी ही कमाल मर्यादा आहे, आणि ती पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल. माहिती फुटली आणि कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. रक्कम ठरवताना डेटा संरक्षण मंडळानं चुकीचं स्वरूप, ती किती काळ चालली, पुन्हा घडली का, नुकसान आवरायला काय केलं आणि दंड प्रमाणात आहे का हे पाहायचं आहे. म्हणून आज काय काय केलं याची तारीखवार नोंद ठेवा. एक साधी दोनशे पानी वही पुरते.

प्रत्येक खेपेला सही घ्यायची गरज नाही. रुग्ण स्वतःहून उपचाराला येऊन माहिती देतो, तेव्हा त्या उपचारापुरती ती वापरायला डीपीडीपीच्या कलम ७ मधली 'स्वेच्छेनं दिलेली माहिती' ही तरतूद आधार देते. कायद्यातच औषध दुकानाचं उदाहरण आहे: गिऱ्हाइकानं पावती मोबाइलवर पाठवा म्हणून नंबर दिला, तर पावती पाठवण्यापुरता तो वापरता येतो. त्याच नंबरावर दिवाळीला हेल्थ चेकअप पॅकेजची जाहिरात पाठवणं हा वेगळा हेतू झाला आणि त्याला वेगळी संमती लागते. जिवावरचा प्रसंग असेल तर संमतीसाठी थांबायचंच नाही, ती मुभा कलम ७ मध्ये स्पष्ट आहे.

तरी नोंदणीच्या वेळी एकदा सूचना देऊन सही घ्या असंच मी सांगेन. २०११ चे नियम आज लेखी संमती मागतातच, आणि पुढे वाद झाला तर हातात कागद असतो. ही सूचना उपचाराच्या संमतीपत्रात मिसळू नका. ती स्वतंत्र वाचता आली पाहिजे, आणि रुग्णाला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा निवडता आली पाहिजे. मराठी, कोकणी, कन्नड, उर्दू सगळ्या त्यात आहेत. मसुदा खाली वेगळा देतो.

तारजोडणी

संगणक आणि मोबाइलचं मी सांगतो. दवाखान्यांतून माहिती बाहेर जाते ती बहुतेक वेळा साध्या वाटांनी: चालू राहिलेलं व्हॉट्सॲप वेब, सगळ्यांचा एकच पासवर्ड, संगणकाला कायम लावलेला पेनड्राइव्ह, आणि दुरुस्तीवाल्याला दिलेली किल्ली.

पहिल्यांदा एका मोठ्या कागदावर माहितीची वाट काढा. रुग्ण दारात आल्यापासून त्याचं नाव कुठे कुठे उतरतं? अपॉइंटमेंटची वही, सॉफ्टवेअर, सिस्टरचं रजिस्टर, लॅबची चिठ्ठी, लॅबवाल्याचा फोन, ताईंचा फोन, डॉक्टरांचा फोन, गुगल फोटोज, सोनोग्राफी मशीनची डिस्क, बिलाची एक्सेल, सीएकडे जाणारी फाइल, विम्याचं पोर्टल. सहा खाटांच्या ठिकाणीही १५-२० जागा सहज निघतात. प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहा: कोण पाहू शकतं, किती दिवस राहतं, पुसायचं कोणी. हा कागद नसेल तर पुढचं सगळं अंदाजानं होतं.

व्हॉट्सॲप बंद करायची गरज नाही. कुणाच्या खासगी फोनवर ते चालू नये एवढं पाहा. दवाखान्याच्या नावावर सिम आणि एक साधा फोन घ्या, तो रात्री कुलपात. त्यात हे करा:

सेटिंग्जमध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड तिन्ही ठिकाणी बंद. चॅट्समध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद, नाहीतर प्रत्येक रिपोर्ट गॅलरीत येतो आणि तिथून गुगल फोटोजवर चढतो. गुगल फोटोजमध्ये व्हॉट्सॲप इमेजेस या फोल्डरचा बॅकअप बंद आहे ना, हे वेगळं तपासा. चॅट बॅकअप ठेवणार असाल तर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप मुद्दाम चालू करावा लागतो, आपोआप होत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा आणि तो डॉक्टरांकडे ठेवा. दर सोमवारी लिंक्ड डिव्हायसेस उघडा; ओळखीचा नसलेला संगणक दिसला की लॉग आउट.

कॉन्टॅक्टमध्ये 'काका टीबी', 'ताई एचआयव्ही' अशी नावं कधीही सेव्ह करू नका. ती गुगल खात्याशी जुळतात, आणि कॉल आला की स्क्रीनवर शेजारी बसलेल्यालाही दिसतात. केस नंबर लिहा. रुग्णांचा ग्रुप तर अजिबात नको, ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. गरोदर महिलांचा किंवा डायबेटिसवाल्यांचा ग्रुप केला की आजारच जाहीर झाला. लसीकरणाची आठवण द्यायची असेल तर ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. आठवणीच्या संदेशातही 'उद्या ११ वाजता भेट' एवढंच. कशासाठी ते नको. घरातला फोन सासूच्या हातात असू शकतो.

चुकीच्या नंबरावर रिपोर्ट जाणं हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा. नोंदणी करताना नंबर रुग्णाकडून वदवून घ्या आणि आपण उलट वाचून दाखवा. पहिला संदेश रिपोर्टशिवाय पाठवा, 'हो' आलं की मग फाइल. पीडीएफला पासवर्ड लावत असाल तर मोबाइलचे शेवटचे चार आकडे ठेवू नका. नंबरच चुकीचा नोंदला गेला असेल तर तो चुकीचा माणूस त्याच चार आकड्यांनी फाइल उघडेल. जन्मतारीख आणि केस नंबर मिळून पासवर्ड करा.

आता संगणक. तुमचे दोन्ही कुठल्या विंडोजवर आहेत? आणि लांबून दुरुस्ती नेमकी कशी करतात?

केसपेपर

एकावर विंडोज १०, एकावर ११ होम. दुरुस्तीवाले त्यांचं रिमोट ॲप कायम चालू ठेवतात, पासवर्ड त्यांनीच टाकलेला आहे. बॅकअप रोज रात्री पेनड्राइव्हवर जातो आणि तो पेनड्राइव्ह संगणकालाच लावलेला असतो. लॉगिन सगळ्यांचं एकच.

तारजोडणी

मग क्रमानं या, आणि याच आठवड्यात.

रिमोट ॲपचा कायमचा पासवर्ड आजच काढा. एकच पासवर्ड अनेक ग्राहकांकडे लावायची सवय या धंद्यात आहे, म्हणजे दुसऱ्याच दवाखान्यातून फुटला तरी दार तुमचं उघडतं. यापुढे त्यांनी फोन करायचा, ताईंनी ॲप उघडून त्या वेळेचा आकडा सांगायचा, काम संपेपर्यंत समोर बसायचं, मग ॲप बंद. राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट बाहेरून उघडा ठेवलाय का ते पाहा. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप त्यावर चालतं आणि खंडणीचे व्हायरस पसरवणारे तो सतत शोधत असतात.

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. तो संगणक बदला, नाहीतर इंटरनेटवरून काढा. नवीन घेताना विंडोज प्रो घ्या, कारण संपूर्ण बिटलॉकर होममध्ये मिळत नाही. बिटलॉकर नसेल तर चोरीला गेलेल्या संगणकाची डिस्क दुसऱ्याला जोडून सगळं वाचता येतं, विंडोजचा पासवर्ड तिथे निरुपयोगी. बिटलॉकर लावताना एक काळजी: ४८ आकडी रिकव्हरी की बसवणाऱ्या मुलाच्या खात्यात सेव्ह होऊ देऊ नका. पुढे मदरबोर्ड बदलला की संगणक ती की मागतो, मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो, आणि आपल्याच डेटाला आपण मुकतो. दोन प्रिंट काढा, एक दवाखान्याच्या तिजोरीत, एक घरी.

लॉगिन प्रत्येकाचं वेगळं, विंडोजमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्येही. रिसेप्शनला नाव, नंबर, वेळ, बिल एवढंच दिसावं. निदान आणि रिपोर्ट नको. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, चालू केलेली नसते. ॲडमिन खातं रोजच्या कामाला वापरू नका. कुणी नोकरी सोडली की त्याच संध्याकाळी लॉगिन बंद. दोन मिनिटांनी स्क्रीन आपोआप लॉक व्हावा, आणि उठताना विंडोज की आणि एल दाबायची सवय लावा. नव्या नियमांत कोणी काय उघडलं याचे लॉग वर्षभर ठेवणं आहे. सगळ्यांचं एकच लॉगिन असेल तर त्या लॉगला काडीचाही अर्थ उरत नाही.

बॅकअपचं नीट ऐका. कायम लावलेला पेनड्राइव्ह हा बॅकअप नव्हे. खंडणीचा व्हायरस संगणकासोबत त्याच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्या, एक सम तारखेला आणि एक विषम तारखेला. काम झालं की काढून ठेवायची, आणि दोनपैकी एक नेहमी इमारतीबाहेर. दोन्ही एन्क्रिप्ट केलेल्या. सॉफ्टवेअर चालू असताना डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली तर ती अर्धवट निघते आणि गरजेच्या दिवशी उघडत नाही. सॉफ्टवेअरमधलीच बॅकअपची आज्ञा वापरा. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर बॅकअप परत चढवून मागच्या आठवड्यातले पाच रुग्ण उघडून पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला तेव्हा ओपीडीपासून लॅबपर्यंतचं काम कित्येक दिवस हातानं करावं लागलं होतं. तशा वेळेसाठी ५० कोरे केसपेपर, बिलबुक आणि सध्याच्या आंतररुग्णांची छापील यादी रोज संध्याकाळी तयार ठेवा.

सीसीटीव्ही विसरू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली महिलांच्या तपासणीची चित्रणं इंटरनेटवर विकली गेल्याचं उघड झालं, आणि तपासात कॅमेऱ्यांचे साधे, न बदललेले पासवर्ड हे कारण पुढे आलं. तपासणीची खोली, लेबर रूम, इंजेक्शनची जागा, कपडे बदलायची जागा इथे कॅमेरा असताच कामा नये. दाराबाहेर, औषधांच्या कपाटापाशी, कॅश काउंटरला चालेल. डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) पासवर्ड बदला. वेटिंगमधल्या लोकांचं वायफाय गेस्ट नेटवर्कवर वेगळं करा. सोनोग्राफी मशीन आणि डीव्हीआर त्या नेटवर्कवर दिसता कामा नयेत.

फिल्मवाचन

एक भर घालतो. डॉक्टरांच्या ग्रुपवर मत विचारायला एक्स-रे किंवा सोनोग्राफीची चित्रं टाकली जातात, तिथे नाव कोपऱ्यात तसंच असतं. क्रॉप केलं तरी दोन सापळे आहेत. पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केलेला भाग फाइलमध्येच राहतो, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' दाबल्याशिवाय जात नाही. पीडीएफवर काळा चौकोन काढला तरी खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. सोपा उपाय म्हणजे झाकून झाल्यावर त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तोच पाठवायचा.

डायकॉम फाइल (तपासणी मशीन चित्रं ज्या प्रकारात साठवतं ती) मूळ रूपात पाठवू नका. चित्रात नाव दिसत नसलं तरी फाइलच्या आत नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक, संस्थेचं नाव आणि तपासणीची वेळ असते. व्ह्यूअरमध्ये 'ॲनॉनिमाइज' करून मगच द्या, आणि सोनोग्राफीत नाव चित्रावरच छापलेलं असतं, ते वेगळं झाका. डोळ्यांवर काळी पट्टी लावल्यानं ओळख लपत नाही. गोंदण, मंगळसूत्र, जन्मखूण, साडीसुद्धा गावात पुरेशी असते. छोट्या गावात '३४ वर्षांची शिक्षिका, दुसरं लग्न' एवढं लिहिलं तरी कोण ते कळतं. ओळख पटेल असा फोटो किंवा केस छापायला रुग्णाची परवानगी लागते हे आचारनियमांत स्पष्ट आहे.

मशीन सर्व्हिसला जातं किंवा बदलून मिळतं तेव्हा आतली डिस्क पुसून घेतल्याचं इंजिनिअरकडून लेखी घ्या. मात्र पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंग निदानबंदी कायद्याच्या) नोंदी आणि चित्रं आधी काढून ठेवा.

सूतिका

स्त्रीरोग विभाग आहे म्हणून हे मन लावून वाचा, कारण इथे चूक झाली तर एखाद्या मुलीचं आयुष्य उलटंपालटं होतं.

गर्भपाताच्या नोंदींचे नियम डीपीडीपीपेक्षा कितीतरी कडक आणि कितीतरी जुने आहेत. बाईचं नाव फक्त प्रवेश रजिस्टरमध्ये. केसशीट, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, फॉलोअपचं कार्ड यांवर नाव लिहायचंच नाही, रजिस्टरमधला अनुक्रमांक आणि वर्ष लिहायचं. संमतीचा फॉर्म सी आणि डॉक्टरांच्या मताचा फॉर्म पाकिटात घालून सीलबंद, वर तोच क्रमांक आणि 'गोपनीय' असा शेरा, आणि पाकीट प्रमुखाच्या ताब्यात. चूक घडते ती इथे: ओटी रजिस्टर सिस्टर नेहमीच्या सवयीनं नावानिशी भरते, सॉफ्टवेअर बिलावर 'एमटीपी' (म्हणजे गर्भपात) असं छापतं, आणि वॉर्डच्या फळ्यावर खाट क्रमांकापुढे नाव आणि प्रक्रिया दोन्ही लिहिलेली असतात. बिलात प्रक्रियेचा सांकेतिक क्रमांक टाका आणि फळा पुसून टाका. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर नाव उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मुलगी १८ पेक्षा लहान असेल तर पॉक्सोखाली (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली) पोलिसांना कळवावं लागतंच. पण सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलंय की मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर डॉक्टरनं कळवताना तिचं नाव आणि ओळख द्यायची गरज नाही. ही विनंती लेखी घेऊन त्याच सीलबंद पाकिटात ठेवा.

एचआयव्ही: २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. फाइलवर लाल शेरा, खाटेवर चिठ्ठी, डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात निदान, हे सगळं बंद. सगळ्या रुग्णांशी सारखीच संसर्गाची खबरदारी घेतली की अशा खुणेची गरजच उरत नाही. नवऱ्यालासुद्धा आपण परस्पर सांगत नाही; जोडीदाराला सांगायची पद्धत त्या कायद्यात वेगळी दिली आहे आणि ती समुपदेशनातून जाते.

मानसिक आजाराचे रुग्ण फिजिशियनकडेही येतात. तिथे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क म्हणूनच लिहिलेला आहे. कार्यालयातून 'आजारी रजेचं सर्टिफिकेट खरं का' असा फोन आला तर लेखी विचारायला सांगा आणि सर्टिफिकेट आपण दिलेलं आहे की नाही एवढंच कळवा. आजार सांगायचा नाही.

रजिस्टर_नं_४

कागदांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

किती वर्षं? आचारनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं. गरोदर महिलेच्या सोनोग्राफीचा फॉर्म एफ आणि पीसीपीएनडीटीच्या नोंदी २ वर्षं, केस चालू असेल तर निकाल लागेपर्यंत. गर्भपाताचं प्रवेश रजिस्टर शेवटच्या नोंदीपासून ५ वर्षं, आणि त्यानंतर ते नष्ट करायचं असं नियमच सांगतो. पोलीस केस आणि कोर्टात चालू असलेली प्रकरणं संपेपर्यंत हात लावायचा नाही. लहान मुलं आणि बाळंतपणाच्या फाइली मात्र मूल २१ वर्षांचं होईपर्यंत ठेवा, कारण दाव्याची मुदत मूल सज्ञान झाल्यावर मोजली जाते. १५ वर्षांचे सरसकट गठ्ठे ठेवण्यात फायदा नाही. जेवढं जास्त ठेवाल तेवढं जास्त सांभाळावं लागतं. वर्गवारी करा आणि मुदत संपलेलं काढा.

काढायचं म्हणजे रद्दीवाल्याला नाही. केसपेपरचा उलटा कोरा भाग भेळेला आणि शेंगदाण्याच्या पुडीला फार सोयीचा असतो, आणि पुडीच्या आतल्या बाजूला गावातल्याच कुणाचं तरी निदान असतं. श्रेडर घेताना लांब पट्ट्या कापणारा नको, तुकडे करणारा घ्या. पी-४ दर्जाचा पुरेसा आहे. गठ्ठे मोठे असतील तर कागद लगदा करणाऱ्याकडे समोर उभं राहून करून घ्या. काय नष्ट केलं, कोणत्या तारखेपर्यंतचं, कोणी, साक्षीला कोण, ही नोंद कायमची ठेवा. जुन्या झेरॉक्स मशीनमध्ये हार्ड डिस्क असू शकते, भंगारात देण्याआधी काढून घ्या. औषधाच्या पाकिटाला आणि पाठकोऱ्या चिठ्ठ्यांना जुने रिपोर्ट वापरायची पद्धत आजच थांबवा.

आणि रिसेप्शन. 'शुगरचा रिपोर्ट कुणाचा?', 'पाळी चुकलेली पेशंट कोण?' असं ओरडून विचारलं की वेटिंगमधल्या वीस जणांना कळतं. टोकन नंबर पुकारा. काउंटरपासून चार फुटांवर एक पट्टी मारा आणि पुढचा माणूस तिथे थांबवा. फाइली पालथ्या ठेवा. अपॉइंटमेंटची वही रुग्णांच्या हातात देऊन नाव लिहायला सांगू नका, वरची दहा नावं त्यांना दिसतात. डॉक्टरांच्या केबिनमध्ये एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) बसलेला असताना रुग्णाला आत घेऊ नका.

केसपेपर

फार मोलाचं मिळालं. दोन शंका उरल्या. पोलीस येऊन फाइल मागतात तेव्हा काय? आणि सॉफ्टवेअर कंपनीकडून काय लिहून घ्यायचं?

कलम_पोटकलम

पोलिसांकडून लेखी पत्र घ्या: ठाण्याचा शिक्का, जावक क्रमांक, गुन्हा क्रमांक, कोणते कागद हवेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला कागद मागता येतात, तोंडी फोनवर नाही. मागितलेत तेवढ्याच पानांच्या साक्षांकित प्रती द्या, पानांवर क्रमांक टाका, पोच घ्या. मूळच जप्त करत असतील तर आधी पूर्ण प्रत काढा आणि पंचनाम्याची नक्कल मागा. विमा कंपनीच्या तपासनीसालाही हाच शिरस्ता: रुग्णाची सही असलेलं अधिकारपत्र, आणि दाव्यापुरतेच कागद. 'सगळी फाइल दाखवा' याला नकार द्यायचा.

सॉफ्टवेअर कंपनीच्या चुकीबद्दलही कायद्यापुढे जबाबदार तुम्हीच राहता, म्हणून करार हवाच. त्यात लिहा: आमच्या सांगण्याखेरीज डेटा वापरणार नाही, औषध कंपन्यांना किंवा इतरांना आकडेवारी म्हणूनही देणार नाही, कोणत्या कर्मचाऱ्यांना प्रवेश आहे त्यांची नावं, डेटा फुटला तर आम्हाला २४ तासांत कळवणार, लॉग वर्षभर ठेवणार, करार संपला की सगळा डेटा वाचता येईल अशा रूपात ३० दिवसांत परत आणि मग पुसल्याचं पत्र. परत देण्याचं कलम नसेल तर सॉफ्टवेअर बदलताना तुमचाच डेटा अडकून राहतो. लॅबशीही असाच एक पानी करार करा.

माहिती फुटली तर: प्रत्येक बाधित रुग्णाला विनाविलंब कळवायचं. काय घडलं, केव्हा, त्यानं काय होऊ शकतं, आपण काय केलं, त्यानं काय काळजी घ्यावी, आणि विचारायला कोणाला फोन करायचा. मंडळालाही लगेच, आणि ७२ तासांत सविस्तर. 'किरकोळ आहे म्हणून नको' अशी सूट नियमात ठेवलेली नाही. चुकीच्या नंबरावर गेलेला एक रिपोर्टही फुटणंच, आणि व्हायरसमुळे आपल्यालाच डेटा न मिळणंही फुटणंच. सायबर हल्ला असेल तर २०२२ च्या निर्देशांनुसार सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) ६ तासांत कळवायचं आहे. अशा वेळी संगणकाची नेटवर्कची तार काढा, पण फॉरमॅट करू नका. फॉरमॅट केला की कुठून शिरले ते कधीच कळत नाही. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन.

सूचनेचा मसुदा, काउंटरवर मोठ्या अक्षरात लावा आणि नोंदणीच्या वेळी हातात द्या:

'आम्ही आपलं नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर, आजाराची आणि उपचाराची माहिती, तपासण्यांचे रिपोर्ट आणि बिलाचा तपशील संगणकावर ठेवतो. तो आपल्या उपचारासाठी, पुढच्या भेटीची आठवण देण्यासाठी, रिपोर्ट पोचवण्यासाठी आणि कायद्यानं ठेवाव्या लागणाऱ्या नोंदींसाठी वापरतो. लॅबला आणि विमा कंपनीला गरजेपुरतीच माहिती देतो. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर हवे आहेत: हो / नको. आपल्या आजाराबद्दल कोणाशी बोलायचं: नाव आणि नातं. आपली माहिती पाहायची, दुरुस्त करायची, संमती मागे घ्यायची किंवा कायद्यानं ठेवावी लागत नाही ती पुसायची असेल तर काउंटरवरच्या अमुक व्यक्तीला किंवा या नंबरावर सांगा. समाधान न झाल्यास डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते.'

'कोणाशी बोलायचं' ही ओळ गाळू नका. काका, मेव्हणा, सरपंच, शेजारी सगळे चौकशीला येतात. यादीत नाव नसेल तर सिस्टरला नम्रपणे नाही म्हणता येतं. तक्रारीला उत्तर द्यायची कमाल मुदत ९० दिवस आहे, पण रुग्णानं स्वतःच्या कागदांच्या प्रती मागितल्या तर आचारनियमांप्रमाणे ७२ तासांत द्यायच्या. बिल थकलंय म्हणून अडवायच्या नाहीत.

केसपेपर

'कोणाशी बोलायचं' उद्यापासूनच केसपेपरवर घेतो. रुग्ण वारला आणि दोन भाऊ वेगवेगळे फाइल मागायला आले तर?

कलम_पोटकलम

नवा कायदा रुग्णाला आपल्यामागे हक्क वापरणारा माणूस नेमू देतो, म्हणून मसुद्यात 'वारस म्हणून माहिती कोणाला द्यावी' ही ओळही घाला. नाव नसेल तर प्रत्येकाकडून अर्ज, ओळखपत्र, नात्याचा पुरावा आणि कागद कशासाठी हवेत हे लेखी घ्या. मूळ फाइल कोणालाच नाही, साक्षांकित प्रत आणि पोच. एचआयव्ही आणि गर्भपाताची पानं त्या प्रतीत घालू नका. त्यांना न्यायालयाचा आदेश मागा. भाऊ काउंटरवर भांडायला लागले तर फाइल टेबलावरून उचलून कपाटात ठेवा, आणि दोघांचे अर्ज आवक क्रमांक टाकून घ्या.